आधी ॲडव्हान्स, मग डिझाइन

भाऊ, नोकरी सोडून डिझाइनची कामं घ्यायला लागलास, चांगलं केलंस. हात तुझा बसलेला आहेच. आता पैसा वेळेवर कसा येईल तिकडे लक्ष दे.

इतवारीतला दुकानदार असो की बुटीबोरीचा कारखानदार, निम्मी रक्कम आल्याशिवाय फाइल उघडू नको. काय देणार, किती वेळा बदल करून देणार, बाकी कधी मिळणार, हे कोटेशनमध्ये लिही. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर आणखी नीट लिही, कारण संबंध तिथंच बिघडतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, याच आठवड्यात कर. आधार-पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर फुकट होते. एजंटला एक रुपयाही देऊ नको. तिचा खरा उपयोग थकबाकी वसूल करताना होतो. एमएसएमईडी कायदा, २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. म्हणून उद्यम क्रमांक बिलावरच छाप, अकाउंट्सवाल्यांना दिसू दे. तरीही पैसे अडले तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, पण आधी एकदा समक्ष जाऊन भेट.

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. धंद्याचं बँक खातं मात्र पहिल्या बिलापासून वेगळं ठेव, आणि गिऱ्हाइकानं बिलातून कापलेला टीडीएस (आयकर) तुझ्या पॅनवर जमा झाला का ते तपासत जा.