वाचक विचारतात : जावातलं खेडं

प्रश्न : आमची भोगावतीकाठी भात आणि उसाची शेती आहे. जावा बेटावरही हीच पिकं असतात म्हणे. तिथलं खेडं कसं असतं?
– एक शेतकरी, राधानगरी

उत्तर : मी राहिलो ते योग्यकर्ताच्या उत्तरेला, मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या खेड्यात, तिथलंच सांगतो. 2010 च्या उद्रेकात शेकडो माणसं गेली, तरी लोक पायथा सोडत नाहीत. जमीन कसदार झालीय ती त्याच राखेनं. पाटाला बारमाही पाणी असेल तिथं वर्षातून दोन-तीनदा भात निघतो. एका खाचरात कापणी, तर शेजारच्यात रोपलावण चाललेली!

मला सगळ्यात भावली ती परसबाग. नारळाखाली केळी, केळीखाली हळद-आलं, कडेला कोंबड्यांचं खुराडं. वीतभर जागा मोकळी नाही. नारळाच्या फुलोऱ्याला चीर देऊन ठिबकणारा रस गोळा करतात आणि चुलीवर कढईत आटवून त्याचा गूळ करतात. काळसर, किंचित धुरकट चवीचा. आपल्या गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसानं तो जरूर चाखावा.

बाजार पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यानं भरतो. गावकारभाऱ्यांना पगाराऐवजी कसायला जमीन द्यायची रीतही जुनी, आपल्या पाटीलकीच्या वतनासारखी.

उसाचं म्हणाल, तर त्याचा इतिहास कडू आहे. 1830 पासून डच सरकारनं भाताच्या जमिनीत ऊस आणि नीळ सक्तीनं लावून घेतली, त्यात शेतकरी भरडला गेला. पुढं विसाव्या शतकात पूर्व जावातल्या पासुरुआनच्या संशोधन केंद्रानं पीओजे 2878 ही जात काढली आणि ती जगभरच्या ऊसमळ्यांत पोचली.