गादीवरचा डाग आणि ‘मुद्दाम’ करणारा बंड्या

“आमचा बोका मुद्दाम गादीवर शू करतो. घर बदलल्याचा राग काढतोय. त्याला वळण कसं लावायचं?”

मांजरांच्या वागणुकीबद्दल सल्ला विचारायला येणाऱ्यांत हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐकू येतो. कधी गादीच्या जागी सोफा असतो, कधी धुऊन घडी घातलेले कपडे. ‘मुद्दाम’ हा शब्द मात्र ठरलेला.

यावेळी विचारणारं कुटुंब मूळचं दादरच्या चाळीतलं (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). चाळ पुनर्विकासाला गेली आणि मंडळी ठाण्यात नवव्या मजल्यावर भाड्याच्या टू बीएचकेत आली. आजी, मुलगा, सून, शाळकरी नात आणि बंड्या. बंड्या पाच वर्षांचा, नसबंदी झालेला. चाळीत त्याचं राज्य होतं: सामाईक गॅलरीत दुपारची झोप, माळ्यावर लपायची जागा, शी-शूसाठी मागच्या अंगणातली माती. ठाण्यात आल्यावर पहिला आठवडा तो पलंगाखालून बाहेरच आला नाही. आणि बाहेर आला तो थेट आजींच्या गादीवर.

आजींचं मत पक्कं होतं. “माझ्याकडे बघत बघत केलं हो त्यानं. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, उगाच नाही म्हणत.” मुलानं एकदा वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली होती, एकदा बंड्याचं नाक त्या डागावर घासलं होतं. त्यानंतर बंड्या त्याला बघून पळायला लागला आणि शू गादीवरून सोफ्यामागे गेली. शिक्षेनं साधतं ते एवढंच. मांजराला ‘इथे करू नये’ हे कळत नाही, ‘हा माणूस जवळ असताना करू नये’ हे कळतं.

मी व्हिडिओ मागवला. बंड्या गादीवर चढतो, दोनदा वास घेतो, बसतो. बराच वेळ बसून राहतो. उठतो तेव्हा चादरीवर रुपयाएवढा डाग. लगेच मागे वळून तिथलं अंग चाटायला लागतो, चार पावलं जातो, पुन्हा बसतो, या खेपेला काहीच होत नाही. मधेच तो आजींकडे बघतो, हे खरं. पण ज्याला सूड घ्यायचा असतो तो एवढ्या थेंबावर थांबत नाही. याला दुखत होतं.

म्हणून वागणुकीचं बोलणं तिथेच थांबवलं आणि त्याच दिवशी व्हेटकडे पाठवलं. बोक्यांच्या बाबतीत याला पर्याय नाही. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका वारंवार बसतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, असं दिसलं तर रात्री दोन वाजतासुद्धा दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही द्यायची नाही. माणसाची एक गोळी मांजराला मारायला पुरते. आजींनी अर्धी गोळी काढून ठेवली होती, म्हणून हे इतकं ठासून सांगते आहे.

बंड्याची मूत्रनलिका तुंबलेली नव्हती. लघवीत रक्ताचा अंश होता, पण जंतुसंसर्ग नव्हता आणि खडेही नव्हते. व्हेटनी वेदनाशामक दिलं आणि सांगितलं की मूत्राशयाला आलेली ही सूज ताणाशी जोडलेली असते. घरच्यांना ते पटेना. “ताण? त्याला कसला आलाय ताण? आयतं खातो, झोपतो.”

या दुखण्यावर ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलंय. 2006 साली त्यांनी घरातच राहणाऱ्या अशा 46 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भर होता घरातली व्यवस्था बदलण्यावर, आणि बहुतेकांचा त्रास बराच कमी झाला. 2011 मध्ये त्याच गटानं दाखवलं की खाण्याची वेळ किंवा सांभाळणारा माणूस अचानक बदलला, तर धडधाकट मांजरंही ओकतात, खाणं टाकतात, लिटर बॉक्सबाहेर (शी-शूसाठी ठेवलेला, दाणेदार लिटर भरलेला डबा) घाण करतात. बंड्याचं तर घर, माती, गॅलरी, वास, सगळंच एका दिवसात गेलं होतं.

मी नेहमी घराचा नकाशा काढून मागते. सुबक नको, वहीच्या पानावर चालतो. खाणं कुठे, पाणी कुठे, लिटर बॉक्स कुठे, मांजर झोपतं कुठे, खिडकीतून काय दिसतं. नातीनं रंगीत पेनांनी काढला, आणि सगळं उत्तर त्या पानावर होतं. लिटर बॉक्स ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला चिकटून. त्याच्या शेजारीच खाण्याचं ताट आणि पाण्याची वाटी. बॉक्सला झाकण, आत लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर. म्हणजे पाच वर्षं मोकळ्या मातीत जाणाऱ्या बोक्यानं आता अत्तराच्या डब्यात बसायचं, आणि नेमकं तेव्हाच शेजारी मशीन स्पिनला लागायचं. त्यात आधीच दुखत असलं, की मांजर त्या दुखण्याचं खापर बॉक्सवर फोडतं आणि मऊ, कोरडी, शांत जागा शोधतं. गादी त्याला तशीच सापडली.

दुसरी गोष्ट नकाशात नव्हती, विचारल्यावर कळली. शिफ्टिंगच्या वेळी ‘नव्या घरात जुनी अडगळ कशाला’ म्हणून जुना सोफा भंगारात दिला होता आणि बंड्याची गोधडी गरम पाण्यात धुतली होती. मांजर गालानं, अंगानं घासून घरभर आपला वास लावत असतं, त्यावरून त्याला जागा आपली वाटते. इथे बंड्याचा म्हणून एक कोपरासुद्धा उरला नव्हता. वर रोज दोनदा फिनाईलचं पोतेरं. फिनाईलमधल्या फिनॉलसारख्या घटकांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. डागासाठी एन्झाइमवालं क्लीनर वापरायला सांगितलं आणि फिनाईल बंद केलं.

मग बदल सुरू केले, सगळे एकाच दिवशी नाहीत.

आधी लिटर. एका मांजराला दोन बॉक्स लागतात, दोन वेगळ्या ठिकाणी. लांबी मांजराच्या दीडपट हवी. दुकानातले बहुतेक बॉक्स लहान पडतात. आम्ही प्लॅस्टिकची मोठी घमेली घेतली, बिनझाकणाची. एक बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, एक आजींच्या खोलीत. (यावर घरात वादावादी झाली. आजींनी शेवटी मान्य केलं, “गादीपेक्षा घमेलं बरं.”) बिनवासाचं बारीक दाण्याचं लिटर, त्यावर कुंडीतल्या मातीचा पातळ थर, आणि दर काही दिवसांनी माती थोडी थोडी कमी करत जायची. बंड्यानं मातीचा वास घेतला, पंजानं उकरलं आणि बसला. सुनेनं आनंदानं त्याचाही व्हिडिओ पाठवला!

खाणं स्वयंपाकघरात, पाणी हॉलमध्ये रुंद भांड्यात, दोन्ही लिटरपासून लांब. कोरड्या दाण्यांबरोबर ओलं पाऊच, कारण मांजरांचे पूर्वज कोरड्या मुलखातले, तहान लागली तरी ती पाणी बेतानंच पितात. लघवी पातळ राहणं या दुखण्यात फार महत्त्वाचं.

मग उंची आणि लपायची जागा. फ्रिजवरून कपाटावर जायला एक फळी लावली, वर न धुतलेली जुनी चादर. घरमालक खिळ्यांना नको म्हणत होते, म्हणून फळी क्लॅम्पनं बसवली. कुरिअरचं पुठ्ठ्याचं खोकं पलंगाशेजारी आडवं ठेवलं. 2014 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्यानं आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली, काहींना नाही. खोकंवाली मांजरं लवकर सावरली. बाजारात कॅट टॉवर हजारोंत मिळतात, पण खोक्याची बरोबरी त्यांना क्वचितच साधते. फेरोमोनचे (मांजराला शांत करणारा वास सोडणारे) डिफ्युझर काही घरांत उपयोगी पडतात, पण लिटर मशीनशेजारी तसंच ठेवून डिफ्युझर लावणं म्हणजे पैसे वाया.

सगळ्यात अवघड काम मुलाचं होतं. बंड्याच्या मागे जायचं नाही, उचलायचं नाही, टक लावून बघायचं नाही. रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं झाडूच्या काडीला बांधलेली नाडी जमिनीवरून सरकवायची, बंड्याला ती पकडू द्यायची आणि लगेच खायला द्यायचं. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप हा मांजराचा क्रम. पहिले काही दिवस बंड्या खोक्यातून नुसता बघायचा. मुलगा म्हणाला, “मी वेड्यासारखा नाडी ओढत बसतो.” ओढत बसा म्हटलं.

गादी महिनाभरात कोरडी राहायला लागली. गणपतीत पाहुणे आले तेव्हा एकदा पुन्हा डाग पडला. तेव्हापासून घरात गर्दी असली की आजींची खोली बंद, आत घमेलं, पाणी, खोकं आणि बंड्या. दिवाळीत फटाक्यांच्या वेळीही तेच. हे दुखणं उलटतं, त्यामुळे बसण्याच्या खेपा वाढल्या की व्हेटकडे जायचं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

अकरा महिन्यांचा करार संपल्यावर घरमालकांनी तो वाढवला नाही, आणि सुनेचा फोन आला की पुन्हा शिफ्टिंग आहे. यावेळी प्रश्न वेगळा होता: सामान कोणत्या क्रमानं न्यायचं? मी सांगितलं, नव्या घरात आधी एक खोली लावा. त्यात जुनं घमेलं, न धुतलेली गोधडी आणि तेच खोकं. बंड्याला न्यायचा पिंजरा आठवडाभर आधी उघडा ठेवून त्यातच खाऊ द्या. ट्रकची गडबड संपेपर्यंत बंड्या त्या एका खोलीत राहू दे, दाराला चिठ्ठी लावा, हमालांनी उघडू नये म्हणून. बाकीचं घर तो जेवायला-खेळायला लागल्यावर, एकेक खोली करून. आणि गोधडी आजींच्याच पिशवीत ठेवा, म्हणजे कोणी धुवायला टाकणार नाही.