आईंच्या अँटीबॉडी 1200 वरून 310, आधी युनिट बघा

तुम्ही विचारलंय की कोविशील्डच्या दुसऱ्या डोसनंतर महिन्याने आईंचे 1200 आले, सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये 310, आणि शेजारच्या काकांचे 4000, तर आईंचं संरक्षण संपलं का. आधी रिपोर्टचा फोटो नीट बघा. पहिल्यावर एयू आहे (किट बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं युनिट), दुसऱ्यावर बीएयू (WHO च्या मानकावर ठरवलेलं सामाईक युनिट). पहिली टेस्ट अ‍ॅबॉटच्या किटवर झालीये, त्यातला एयूचा आकडा 0.142 ने गुणला की बीएयू मिळतात, म्हणजे 1200 चे झाले साधारण 170. आता सांगा, कमी झाल्या की वाढल्या? तेही खरं धरू नका, कारण किट वेगळं असेल तर रूपांतर करूनही आकडे नीट जुळत नाहीत. काकांचे 4000 पण एयू असतील तर 568च.

हसू नका, आमच्याकडे तर याहून मोठा घोळ झाला होता. 2021 मध्ये बाबांनी कोविशील्ड घेऊन टेस्ट केली आणि रिपोर्ट निगेटिव्ह! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही त्यांना. नंतर कळलं की लॅबने न्यूक्लिओकॅप्सिडची, म्हणजे व्हायरसच्या आतल्या प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट केली होती, आणि कोविशील्डमध्ये फक्त स्पाइक प्रोटीनचा, म्हणजे व्हायरसच्या बाहेरच्या काट्यांचा कोड असतो, मग त्या अँटीबॉडी येणार कुठून. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा मारलेला व्हायरस असल्याने तिथे येऊ शकतात.

आता मुद्द्याचं. आकड्याचा आणि संरक्षणाचा संबंध आहेच, नाही असं नाही, पण अमुक आकड्याच्या वर सेफ आणि खाली गेलं की संपलं असं नसतं. हिपॅटायटिस बी ला 10 ची रेघ आहे (अँटीबॉडी त्याच्या वर असल्या की संरक्षण आहे असं धरतात), तशी इथे नाही. फ्लूलासुद्धा 1:40 टायटर (रक्ताचा नमुना 40 पट पातळ केला तरी अँटीबॉडी काम करतात अशी पातळी) म्हणतात ना, त्याचा अर्थ तेवढ्याला साधारण निम्मं संरक्षण, पूर्ण नव्हे. ऑक्सफर्डच्या लशीच्या (आपली कोविशील्ड तीच) ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये लक्षणं असलेल्या आजारापासून 80% संरक्षणाला 264 बीएयू जुळले, पण ते मुख्यतः अल्फा व्हेरियंटच्या वेळचे, ओमिक्रॉन आल्यावर तोच आकडा तितका कामाचा राहिला नाही कारण टेस्ट मोजते ती जुन्या स्पाइकला चिकटणारी अँटीबॉडी, नव्या व्हायरसला ती थोपवते का हे त्यात दिसतच नाही.

आणि गंभीर आजाराचं गणित वेगळंच आहे. 2021 च्या एका मोठ्या विश्लेषणात, कोविड होऊन बरे झालेल्यांची जी सरासरी न्यूट्रलायझिंग (व्हायरसला थोपवणाऱ्या अँटीबॉडीची) पातळी, तिच्या 20% ला लागण टाळण्याचं 50% संरक्षण दिसलं, गंभीर आजारापासून तेवढ्याच संरक्षणाला मात्र 3% च पुरे असा अंदाज निघाला. कारण सर्दी व्हायला व्हायरसला नाकात दोन-तीन दिवस पुरतात, तेवढ्यात मेमरी बी सेल्स (व्हायरस लक्षात ठेवणाऱ्या पेशी) जाग्या होऊन नवीन अँटीबॉडी बनवेपर्यंत शिंका सुरू झालेल्या असतात, पण फुफ्फुसापर्यंत गाडी जायला बऱ्याचदा आठवडा लागतो आणि तोवर त्या आणि टी सेल्स (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या पेशी) कामाला लागलेल्या असतात. टी सेल्स तुमच्या रिपोर्टमध्ये येतच नाहीत.

म्हणून पुढचा डोस आकडा बघून नाही, वय, इतर आजार आणि शेवटच्या डोसची तारीख बघून ठरवतात. अमेरिकेच्या एफडीएनेही मे 2021 मध्ये सांगितलं होतं की लस लागू पडली का हे बघायला ही टेस्ट वापरू नका. परत टेस्टचे पैसे घालवू नका असं माझं मत.

फक्त एक सांगा, आईंना संधिवाताची स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब (बी सेल्स कमी करणारं औषध) किंवा किडनी बदलल्यानंतरची औषधं चालू आहेत का? असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तिथे प्रतिसादच कमी असू शकतो.