केक बसतोय कारण सोडा थांबत नाही, थांबणारं पीठ घे

तू लिहिलंयस की मुलगा दीड वर्षाचा, मैद्याचा दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक तिसऱ्यांदा केलास, दरवेळी पीठ तयार झालं की तो उठतो, मग त्याला घेऊन फिरवून परत येईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो आणि केक मधे बसतो, खाली गिच्च राहतो. आणि विचारलंयस की माझ्या हातालाच जमत नाही का. अगं हाताचा काही संबंध नाही. दोन मुलींच्या मागे धावत मी बरीच वर्षं घरी बेक करतेय, त्यावरून सांगते, तू निवडलेली रेसिपीच तुझ्या आत्ताच्या दिवसाला चालणारी नाही.

सोडा दह्याला लागला की बुडबुडे तिथल्या तिथे सुरू होतात. ढोकळ्यात इनो घातल्यावर आपण कशी धावपळ करून ताटली वाफेवर ठेवतो, तसंच आहे हे. अर्धा तास ओट्यावर राहिलं की त्यातला बराच वायू निघून जातो, मग ओव्हनमधे फुगायला शिल्लक काय राहणार. म्हणून असं पीठ घे जे तुझ्यासाठी थांबेल, आणि सोडा अगदी शेवटी, पोरगा गाढ झोपल्यावर.

त्यासाठी रव्याचा केक सगळ्यात चांगला, कारण रव्याला भिजायला वेळ लागतोच, उलट जास्त भिजला तर केक मऊ होतो. दीड वाटी बारीक रवा, एक वाटी ताजं दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ केलेलं तूप, वेलची. साखर आदल्या रात्रीच मिक्सरला फिरवून ठेव, दुपारी मिक्सर लावला की झोप मोडलीच समज. टिनलाही रात्रीच तूप लावून खाली बटर पेपर घालून ठेव. सकाळी तो खेळत असताना हे सगळं एकत्र कालवून झाकून ठेव, मधे दहा वेळा उठावं लागलं तरी काही बिघडत नाही, दोन तास ओट्यावर आरामात राहतं, त्याहून उशीर होणार असेल तर फ्रिजमधे ठेव. तो झोपला की आधी ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) १८० अंशांवर १० मिनिटं तापव, आणि तापल्यावरच पिठात अर्धी वाटी दूध (रव्याने सगळं शोषून घेतलेलं असतं, लागलं तर थोडं जास्त), १ छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा घालून हलक्या हाताने फिरवून लगेच टिनमधे ओत. ३५-४० मिनिटं. सुरी घालून बघ, कोरडी आली पाहिजे. ७ इंची टिन पुरतो. आणि हो, ओटीजीचा टायमर संपला की टिंग करून वाजतो, माझी धाकटी त्याने हमखास उठायची, म्हणून टायमरची खुंटी ‘कायम चालू’च्या खुणेवर ठेवून फोनला व्हायब्रेटवर वेळ लावायचे.

त्याला द्यायचा असेल तर साखर घालायच्या आधी थोडं रवा-दही वेगळं काढ आणि त्यात अर्धं केळं कुस्कर, दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतातच. बेक करताना चिमूटभर बेकिंग पावडर, छोट्या वाटीत २० मिनिटांत होतं. त्यात अख्खे काजू-बदाम घालू नकोस, घशात अडकतात.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. मोठी १४ महिन्यांची असताना ओट्याच्या कडेवरून नॅपकिन लोंबत होता, त्यावर पिठाचं स्टीलचं पातेलं, तिने तो ओढला आणि पातेलं तिच्या पायाशेजारी आदळलं. लागलं नाही, पण आजही तो आवाज आठवला की पोटात गोळा येतो. तेव्हापासून कडेला काही ठेवत नाही, ओटीजीची वायर खाली लोंबू देत नाही, आणि ओटीजीच्या दाराची काच बाहेरूनही भाजेल इतकी तापते, बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, तेव्हा तो उठला तर स्वयंपाकघराचं दार लावूनच घे. आणि खेळायला कोरडं पीठ बरेच जण देतात ते देऊ नकोस, मुलं ते तोंडात घालतात आणि कच्च्या पिठात जंतू असू शकतात, पिठाचा चमचाही चाटायला नको. चाळणी, लाटणं, रिकामे डबे दिले की माझ्या दोघी अर्धा तास रमायच्या.

हे जमलं की पाव करून बघ. लोकांना यीस्टची भीती वाटते पण लहान मूल असलेल्या घरात मला तेच सगळ्यात सोयीचं वाटतं, इडलीच्या पिठासारखं आपल्या गतीने फुगतं. रात्री तो झोपल्यावर मळायचं, दुप्पट मोठ्या डब्यात झाकून फ्रिजमधे, गारव्यात यीस्ट हळू चालतं त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी गोळे केलेस तरी चालतं. गोळे फुगायला थंड पिठाला तास-दीड तास दे, मग २०० वर २० मिनिटं.

तुझा ओटीजी किती लिटरचा आहे ते लिहायचं राहिलंय. १६ लिटरचा असेल तर वरचा रॉड केकच्या फार जवळ येतो, वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, तेव्हा टिन सगळ्यात खालच्या खाचेत ठेव आणि २५ मिनिटांनी वर फॉइल टाक.