हक्स्लीचे नऊ खंड आणि ग्रंथालयाचा शिक्का

हे-ऑन-वाय या वेल्समधल्या जुन्या पुस्तकांच्या गावी थॉमस हक्स्ली या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज जीवशास्त्रज्ञाच्या 'कलेक्टेड एसेज'चा, म्हणजे निबंधसंग्रहाचा, जुना संच मिळाला, आत एका कॉलेजच्या ग्रंथालयाचा शिक्का आहे, संग्रहातून रद्द केल्याची खूण मात्र नाही, तर त्यांच्याकडे पाठवून खात्री करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका पाठवू. एकही खंड पाठवू नका.

माझाही संच असाच, ब्रिटनमध्येच घेतलेला. मी आपला शिक्क्यावरच्या कॉलेजला सरळपणे ईमेल केला, तर तिथल्या कार्यालयाने 'प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येत नाही' म्हणून शिक्क्याचे खंड मागवून घेतले. मग टोलवाटोलवी. ग्रंथालय म्हणे जुन्या नोंदी अभिलेखागाराकडे, अभिलेखागार म्हणे रद्द पुस्तकं हा आमचा विषयच नाही, आणि ज्यांनी मागवले ते गृहस्थ तोवर नोकरी सोडून गेलेले. शेवटी पुस्तकं परत आली, पण आठवा खंड गायब. 'आमच्याकडे एवढेच आल्याची नोंद आहे.' पोस्टाची पावती दाखवून काय उपयोग? तिच्यावर वजन असतं, खंडांचे क्रमांक नसतात. पुस्तक आमचंच आहे म्हणाले असते तर मुकाट्याने देऊन टाकलं असतं. तेही कोणी म्हणालं नाही!

गेला तोही नेमका आठवा. खडूच्या तुकड्यावरचं ते व्याख्यान त्यातच आहे: 1868 साली नॉर्विचच्या कामगारांपुढे दिलेलं, सुताराच्या खिशातल्या खडूपासून निघून समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म कवचांपर्यंत पोचणारं. मजकूर नेटवर फुकट मिळतो, ठाऊक आहे. पण माझ्या प्रतीत कुणीतरी समासात पेन्सिलीने हक्स्लीशी कडाकडा भांडलं होतं, ते कुठून आणू?

तर फक्त फोटो पाठवा. शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शिक्का, दाखल क्रमांक आणि कण्यावरची चिठ्ठी. प्रश्नही एकच विचारा: या क्रमांकाचं पुस्तक तुमच्या नोंदीत चालू आहे की कमी केलेलं? उत्तर लेखी घ्या. शिक्का खोडायला जाऊ नका, त्यानेच संशय वाढतो. मी वकील नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे तिकडे चोरीचा माल प्रामाणिकपणे विकत घेतला तरी मालकी लगेच आपली होत नाही. तेव्हा विक्रेत्याचं बिल जपा. चांगला विक्रेता अशा वेळी पुस्तक परत घेतो, आणि कुरकुर करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये, हे माझं मत.

खंडांवरची सालं जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. मॅकमिलनने हे नऊ खंड 1893-94 मध्ये काढले, पुढे एकेक खंड वेगवेगळा पुन्हा छापला. न्यूयॉर्कच्या अ‍ॅपलटनचीही आवृत्ती आहे, मध्येच तिचा खंड घुसला असेल तर मात्र किंमत पाडून मागायला हरकत नव्हती. आणि 'सायंटिफिक मेमॉयर्स' हा निराळा संच, चार खंड आणि एक पुरवणी, हक्स्लीच्या मृत्यूनंतर निघालेला. 'त्याशिवाय संच अपुरा' असं कुणी गळ्यात मारू लागलं तर ऐकू नका. त्यात प्राणिशास्त्रातले शोधनिबंध आहेत. हौशी वाचकाने आधी पाचवा खंड काढावा, अज्ञेयवादावरची भांडणं त्यात आहेत.

बिलावर काय लिहिलंय ते नावं झाकून इथे टाका. 'एक्स-लायब्ररी' (पूर्वी ग्रंथालयाचं असलेलं) असे शब्द असतील तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे.