पहिलं रक्तदान शिबिर भरवताय?

तारीख रक्तपेढीला विचारूनच ठरवा. जयंतीच्या आठवड्यात सगळेच शिबिर लावतात, आणि पिशवीतलं रक्त साधारण 35 दिवस टिकतं, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) तर 5च; एकदम जास्त जमलं की वाया जातं. मे महिन्यात गरज जास्त, पण सोलापूरच्या उन्हात सकाळी 8 ते 11 एवढीच वेळ ठेवा.

खरी गडबड पोटाची. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस उपाशी, झोप न झालेला; वाईट वाटलं तरी त्याला त्या दिवशी परत पाठवा. बाकीच्यांना घरून भाकरी खाऊन यायला सांगा, दारातच दोन ग्लास पाणी द्या. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. डॉक्टर हे तपासतातच, पण आधी सांगितलं की रांगेतली चिडचिड वाचते.

चक्कर बऱ्याचदा खाटेवर नाही, उठल्यावर किंवा जिन्यात येते. म्हणून हॉल तळमजल्यावरचाच घ्या आणि रक्त दिल्यावर 15 मिनिटं बसवून ठेवा. कुणी घामाघूम होऊन पांढरा पडला, तर तिथेच आडवं करा, पाय उंच धरा. गर्दी हटवा (फोटोवाला सगळ्यात आधी). भेटवस्तूचं आमिष मात्र नको. हेल्मेटसाठी माणूस फॉर्मवर आजार लपवतो.