सहा तासांत फोर्ट कोची

प्रश्न : ताई, आमची क्रूझ कोचीला सहा तास थांबणार आहे. सोबत आई आहे. पायी काय बघता येईल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जहाज विलिंग्डन बेटाला लागतं. तिथून फोर्ट कोचीपर्यंत रिक्षा करा, पुढे पायी. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं. नंतर अस्थी पोर्तुगालला नेल्या, थडग्याची शिळा मात्र तिथंच आहे. मासे पकडायची चिनी जाळी जवळच. दगडांच्या वजनावर ते धूड पाण्यातून वर येताना मला गावाकडची मोट आठवली, तासभर हलले नाही मी! शेजारच्या मट्टनचेरीचं १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं. आणि आपल्या कोरड्या उन्हाला सरावलेल्या आईंनाही तिथला घाम दमवेल. छत्री, पाणी घ्याच.